मिरचीचं ऊन

आये, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला वाचता यायचं नाही. बाबा गिरणीच्या संपात गावी जाऊन राहिले तेव्हा त्यांची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे आणि तुझं उत्तरही मीच लिहायचे. "आमी बरी आसंव म्हणान लिही," एवढंच सांगून तू कामाला लागायचीस, आणि उरलेलं पान मला मनानंच भरावं लागायचं. आता हे तुला कोण वाचून दाखवणार, देव जाणे. पण कुणापाशी तरी बोलले नाही तर माझं डोकं फुटेल. मला तुझ्या नातीची काळजी खातेय. ती मसाला करते, तुझाच. आपल्याच चाळीच्या गच्चीवर, त्याच टाकीपाशी, भर दुपारी मिरच्या राखत बसते. तिला तिथून उठवायला मी काल जे केलं, त्यात तुलाही ओढलंय. म्हणून हे तुला सांगणं भाग आहे.

चांगली ऑफिसात नोकरी होती तिची. ती गेली, तशी घरात बसून रडण्यापेक्षा म्हणाली, आजीचा मसाला करून विकते. आजीला तिनं पाहिलेलंही नाही. पण डबीवर पदर घेतलेल्या बाईचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, 'कडक उन्हात वाळवलेला'. मी म्हटलं, अगं, मशीन मिळतं मिरच्या वाळवायचं, हप्त्यानं घे. तर म्हणते कशी, "आई, लोक मशीनचा मसाला कशाला घेतील? मी ऊन विकते, ऊन." मोबाइलवर व्हिडिओ टाकते, लालभडक गच्चीचे. गच्चीच्या दारावर लिंबू-मिरची लटकवते, दर शनिवारी नवी. का, तर फोटोत छान दिसते म्हणे. ते लिंबू तिथे पहिल्यांदा का लागलं ते तिला ठाऊकच नाही. मी कधी सांगितलं नाही. आपली आई कशी मेली हे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, आये.

संपाचा दुसरा उन्हाळा. गिरण्या बंद होऊन वर्ष उलटलेलं, बाबा गावी नांगराला, आणि घर तुझ्या मसाल्यावर चाललेलं. चाळीत सगळे संपाच्या नावानं बोटं मोडत होते, पण गच्चीवरच्या बायका एका गोष्टीवर खूश होत्या. गिरण्यांची धुराडी थंड झाली होती. एरवी पापड म्हणा, कुरडया म्हणा, काहीही वाळत घातलं की संध्याकाळी त्यावर काजळीचा थर. आता आभाळ कसं स्वच्छ आणि ऊन नितळ. "संपान आमका काय दिल्यान तर ह्या ऊन," असं तू हसून म्हणायचीस. बाबांनी कधीतरी आणलेलं मांजरपाटाचं कापड अंथरायचीस, त्यावर मिरच्या पसरायचीस आणि उलटी छत्री टांगून कावळे हाकत बसायचीस. मूठभर मिरच्या कानाशी हलवून बघायचीस. "वाजाक लागली! ऊन कडक हा आज!" तुझ्या तोंडून उन्हाचं असं कौतुक ऐकत मी वाढले. त्या उन्हाची भीती बाळगायची असते हे कोण सांगणार?

आणि गंमत बघ, गावी असताना तू भर दुपारी घराबाहेर पाय टाकत नसायचीस. मला मे महिन्यात विहिरीवर जायचं असलं की ओरडायचीस, "दुपारची पाणंदीतसून जाव नको, देवचार गावात!" ते दुपारचं भूत वाटेत गाठेल म्हणून सगळा गाव बारा ते चार दारं ओढून पडलेला असायचा. मी एकदा इथे गच्चीवर तुला विचारलं होतं, आये, इथे नाही का गो देवचार? तू फसकन हसलीस. "मुंबयत खंयचो देवचार? हयसर लायटी आसत!" तू हसलीस म्हणून मीही हसले होते.

त्या दिवशी मिरच्या पसरलेल्याच होत्या, शिवाय तू शेगडी वर नेली होतीस. मसाला भाजायचा तर गच्चीवरच भाजायचा, अशी आपल्या चाळीची रीतच. खोलीत मिरची भाजली की सगळा मजला ठसक्यानं खोकायला लागतो, आणि वर खाडीकडून वारा असतो, तो ठसका घेऊन जातो. म्हणजे खाली तापलेला कोबा, पुढ्यात शेगडी आणि डोक्यावर सूर्य. समोरच्या खोलीतली काकू कुरडया घेऊन वर आली. तिला मूलबाळ नव्हतं, आणि नवरा संपात कुठेसा निघून गेलेला. ती कौतुकानं म्हणाली, "वहिनी, काय रंग धरलाय हो मिरचीनं! दृष्ट लागेल." तू तिला चहाचं विचारलंस. थोड्या वेळानं तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "भोंगो झालो गो. डबो भरूक व्हयो." मी म्हटलं, कसला भोंगा, आये? गिरणी बंद आहे ना? तू पुन्हा तेच. उठायला गेलीस आणि मिरच्यांवरच आडवी झालीस.

मी किंचाळले. बायका धावत वर आल्या. मी तुला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. तळमजल्यावरच्या मावशींनी विचारलं, कोण होतं हिच्यापाशी? काय बोललं? मी सांगितलं. झालं. सगळ्यांच्या माना काकूकडे वळल्या. काकू तोवर टाकीतून बादली भरून घेऊन आली होती. "आधी अंगावर पाणी मारा तिच्या, पेटलंय अंग!" असं ती ओरडत होती. मावशींनी हात आडवा घातला. "तू लांब रहा. तुझ्याच तोंडातनं निघालं ना?" काकू तिथेच थांबली, बादली हातात धरून. तुझ्याच मिरच्यांतल्या मिरच्या उचलल्या, मीठ-मोहऱ्या आल्या, तुझ्यावरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, सगळ्यांची नावं घेतली आणि शेगडीत टाकल्या. सगळ्या नाक वर करून थांबल्या. ठसका नाही! जराही नाही! "बघा, किती कडक दृष्ट ती," मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा मूठ भरली.

आये, किती वर्षांनी हे माझ्या लक्षात आलं आणि मी ताडकन उठून बसले! ठसका कसा येईल? ठसका येत नाही म्हणून तर आपण तिथे मिरची भाजायचो! ज्या बायका जन्मभर तिथे मसाला भाजत आल्या त्यांच्याच हे ध्यानात आलं नाही. मूर्ख होत्या का त्या? मुळीच नाही. घाबरल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला लागतं, आणि जे येतं तेच तो करतो. तुला खुर्चीत घालून हॉस्पिटलात नेईपर्यंत तू बोलायची थांबली होतीस. काकूची भरलेली बादली टाकीपाशी तशीच राहिली.

मग तुझ्या जाण्याचा ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. डॉक्टर हृदय म्हणाले, बाबांकडचे संप म्हणाले, चाळ दृष्ट म्हणाली. ऊन कुणीच म्हणालं नाही. आणि दिवसकार्य उरकल्यावर चाळीच्या पुरुषांनी बैठक घेऊन नियम केला. गच्चीला कुलूप, किल्ली कमिटीकडे. कुणाची मिरची पसरलेली असेल तर दुसरीनं वर जायचं नाही. दाराला लिंबू-मिरची. आणि काकूला, तोंडावर कुणी बोललं नाही पण, किल्ली द्यायची नाही. ती जिन्यात दिसली की मीसुद्धा दाराआड व्हायचे, इतकी तिची भीती घेतली होती मी. तिनं पुढे खोली विकली आणि विरारकडे कुठे गेली. पुढच्या उन्हाळ्यात बायका लिंबाखालून वाकून पुन्हा गच्चीवर, पुन्हा भर दुपारी, आता तर अगदी निर्धास्त. एकीला वर उलट्या झाल्या तर दाराला दुसरं लिंबू लागलं.

मी आता महापालिकेच्या विभाग कार्यालयात आहे, आरोग्याच्या बाजूला. तू असतीस तर "म्हणजे सरकारी मा?" असं विचारून सगळ्या मजल्याला सांगत फिरली असतीस. यंदा वरून हुकूम आला, पावसाळ्यासारखा उन्हाळ्याचाही आराखडा करा. तो माझ्या गळ्यात पडला. मला वाटलं, हे तुझंच काम माझ्या हातून होतंय. उन्हाळा पूर्वीचा राहिलेला नाही, आये. तेव्हा संध्याकाळी खाडीवरून वारा यायचा, आता मध्ये टॉवर उभे आहेत. भिंती पहाटेपर्यंत गरम. घाम येतो, पण सुकत नाही. मध्येच मे महिन्यात अवकाळी येतो आणि पसरलेल्या मिरच्या भिजवून जातो, म्हणून बायका उरलेल्या कोरड्या दुपारी अधिकच धरून बसतात. मी बसून लिहिलं: नाक्यानाक्यावर सावली, पाणी, आणि मसाल्याच्या दिवसांत दुपारी बारा ते चार गच्चीवर कुणी बसू नये.

भोईवाड्यातल्या हॉलमध्ये नागरिकांची बैठक झाली. उन्हाचा विषय मी मांडणार, तर त्याआधीच सगळे झाडावर! नाक्यावरच्या गुलमोहराची फांदी गेल्या वर्षी टॅक्सीवर पडली होती. माणसाला खरचटलंही नाही, पण व्हिडिओ घराघरात पोचला. "आमची पोरं मरायची वाट बघताय का?" मंडळाचा एक कार्यकर्ता टेबलावर हात आपटून म्हणाला. "झाड उतरवा आधी!" झाडाच्या बाजूनं बोलायला उठली एकच, त्याच झाडाखाली पाटी मांडणारी कोळीण. "झाड काढलं तर माझा बर्फ कसा टिकणार? बर्फ गेला की मासळी गेली." मी आशेनं विचारलं, आणि मावशी, तुमचं काय? तुम्हाला ऊन लागेल त्याचं? ती हात झटकून म्हणाली, "माझं मेलीचं काय जातंय? मला थोडंच बर्फावर ठेवून विकायचंय?" सगळा हॉल हसला. हसली तीही.

मग मी गच्चीचा मुद्दा वाचला. मागच्या रांगेत मसालेवाल्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक उभी राहिली. "मॅडम, दुपारी नाही तर काय मिरच्या ट्यूबलाइटखाली वाळवू? आमच्या आज्या-पणज्यांनी उन्हातच वाळवल्या. उन्हानं कुणी मेलंय का या वॉर्डात? एक नाव सांगा!" टाळ्या पडल्या. आये, ती मॅडम म्हणणारी माझी लेक होती. घरातून सकाळी एकत्र चहा पिऊन निघालो होतो आम्ही! एक नाव सांगा म्हणाली. माझ्या जिभेवर होतं. पण भर सभेत उठून काय सांगू? त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या आपल्याच चाळीच्या, त्यांनी लगेच दुरुस्त केलं असतं, छे, ती दृष्टीनं गेली. मी पान उलटलं आणि पुढचा मुद्दा वाचला.

साहेबांनी नंतर केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "बाई, लोकांना ज्याची धास्ती, ते आधी करावं लागतं. झाडाचे अर्ज गठ्ठ्यानं आहेत. उन्हाबद्दल एक तरी तक्रार दाखवा मला." मी काय दाखवणार? तापून पडलेल्या माणसाचा कुणी व्हिडिओ काढत नाही, तो घरी जाऊन झोपतो आणि सकाळी उठत नाही. माझ्या आराखड्यातलं शेवटी एक वाक्य उरलं, 'नागरिकांनी भरपूर पाणी प्यावे.' गुलमोहराला मात्र आठवड्याभरात करवत लागली. नुसता खांब उभा आहे आता. नाका सुरक्षित झाला म्हणून मंडळानं आभाराचा फलक लावला, आणि कोळीण त्याच्याखाली छत्री धरून बसते. मला त्या दिवशी राग नाही आला. अंगावर काटा आला. लिंबू-मिरचीचीच गोष्ट ही, फक्त दार मोठं.

परवा उष्णतेचा इशारा आला. मीच तो मोबाइलवरून वॉर्डभर पाठवला. लेकीनंही वाचला, अंगठा पाठवला. पण माझा ऑफिसात जीव लागेना. अर्धी रजा टाकून घरी आले, खोलीला कुलूप. चपला न काढता तशीच वर पळाले. टाकीपाशी, अगदी तुझ्या जागी, ती बसलेली, पुढ्यात गॅसची शेगडी. चेहरा मिरचीच्या रंगाचा. माझ्याकडे ओळखीनं न बघता म्हणाली, "आज शाळा लवकर सुटली?" आये, भोंगो झालो गो, एवढंच मला ऐकू आलं. मी धावले. टाकीची बादली भरली आणि तिच्या अंगावर ओतली. दुसरी ओतली. तिसरी. ओढणी भिजवून मानेला गुंडाळली, ओढत जिन्यात सावलीला आणलं, चाळीतल्या पोरांच्या मदतीनं टॅक्सीत घातलं. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. दुपार उतरताना तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलावी? "सगळी मिरची भिजवलीस ना?" मी तिला एक थोबाडीत दिली असती. रडले मात्र.

काल तिन्हीसांजेला शेजारपाजार बघायला जमला. "दृष्ट काढ गं पोरीची," सगळ्यांचं एकच. मी नाही म्हणत होते, पण लेकच म्हणाली, "काढ बाई, तेवढंच राहिलंय." मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून मी तव्यावर टाकल्या. खिडकी लावलेली होती. असा ठसका उठला म्हणून सांगू! सगळ्या खोकत, डोळे पुसत गॅलरीत पळाल्या. आणि हसायलाच लागल्या. "दृष्ट नाही गं! काही झालेलं नाही पोरीला, थकली असेल!" लेक खोकता खोकता म्हणाली, "ऐकलंस? परवापासून वर जाते मी. ऑर्डरी पडल्यात." त्या सगळ्या बायकांचे चेहरे सुटले, आणि मला दिसलं की ही पोरगी आता मरणार. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. ऊन सांगून झालं होतं, आराखडा लिहून झाला होता, डॉक्टरांचं बोलणं ऐकवून झालं होतं.

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हटलं, "दृष्ट नाही, खरं आहे. मी वर गेले तेव्हा हिच्याजवळ कुणीतरी बसलं होतं. पदर डोक्यावरून घेऊन. मूठ कानाशी धरून मिरची वाजवत होतं." खोकला थांबला. कुणीतरी हळूच विचारलं, कोण? मी म्हटलं, "माझी आये. भर दुपारची. हिला हात करून बोलवत होती." लेकीनं माझ्याकडे बघितलं. मिरची कानाशी वाजवायची तुझी सवय तिला मी कधीच सांगितली नव्हती, पण मागच्या खोलीतल्या म्हातारीला ती आठवत होती. ती पुटपुटली, "होय गं बाई, अशीच वाजवायची." मिरच्या तशाच कानाशी नेणारा आपला हात लेकीनं बघितला, आणि ती पांढरी पडली.

आज बारा वाजता गच्ची रिकामी होती. कमिटीनं सकाळीच कुलूप घातलं, बारा ते चार कुणीही वर जायचं नाही, आणि कुणी एक शब्द काढला नाही. शेजारच्या दोन चाळींनीही घातलंय म्हणतात. मिरच्या सकाळी आणि चारनंतर पसरतील, एकाऐवजी चार दिवसांत वाळतील. माझी लेक खाली पंख्याखाली देठं खुडत बसली होती. मी दारात उभी राहून तिला नुसती बघत राहिले.

रागावू नको, आये. जिनं मला जन्म दिला तिचं मी भूत केलं, आणि पोरीला तुझी भीती घातली. गावी तू मला देवचाराची घालायचीस तशीच. इथे देवचार उरला नव्हता, म्हणून तुला बसवलं. पण एक सांगते, ते कुणाला सांगता यायचं नाही. कमिटीनं किल्ली माझ्याकडे दिलीय, म्हणून दुपारी कुलूप नीट लागलंय ना ते बघायला मी जिन्यावरून वर गेले होते. दाराशी पोचले आणि पलीकडून काहीतरी वाजल्यासारखं झालं. उरलेल्या मिरच्या असतील वाऱ्यानं. मी दार उघडून बघितलं नाही.